सुट्टीतला रेझिनचा क्लास पहिल्याच दिवशी करा

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये त्या नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा यांच्यासोबत पाच रात्रींसाठी गोव्याला जाणार आहेत. समुद्राच्या लाटांचा गोल बोर्ड तीन तासांत करायला शिकवणारा एक रेझिन क्लास त्यांनी तिथे हेरून ठेवलाय (रेझिन म्हणजे ओतल्यावर जमून काचेसारखा कडक होणारा द्रव). शेवटच्या दिवशी सकाळी क्लास करायचा आणि संध्याकाळचं विमान धरायचं, असा बेत आहे. त्यांनी विचारलंय की असा क्लास करण्यासारखा असतो का, मुलांना नेलं तर चालेल का, केलेली वस्तू नागपूरपर्यंत धड पोचेल का, किनाऱ्यावरचे शिंपले त्यात घालता येतील का, घरी आल्यावर हेच काम करता येईल का, आणि त्या बोर्डवर फराळ वाढता येईल का.

ताई, क्लास जरूर करा, पण शेवटच्या दिवशी करू नका. पोचलात की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा. बाकी सगळं मी पुढे लिहितेच आहे, पण एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

मी प्रतापनगरात गेली अकरा वर्षं रेझिनचं काम करते, शिकवते, आणि गोव्यात दोन हिवाळे असेच तीन-तीन तासांचे वर्ग घेतलेत. तिथे सगळ्यात जास्त हळहळ मला त्या लोकांबद्दल वाटायची, जे परतीच्या दिवशी यायचे. मन लावून बोर्ड करायचे, आणि तो ओलाच टेबलावर सोडून टॅक्सीत बसायचे. मग कुरिअर, आणि कुरिअरनंतर फोन.

कारण असं की रेझिन रंगासारखं वाळत नाही. या कामात जे वापरतात ते इपॉक्सी रेझिन म्हणजे दोन वेगळे द्रव असतात, एक रेझिन आणि दुसरा हार्डनर. ते एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि द्रवाचा घन होतो. विरजण लावल्यावर दही जसं आपल्या वेळेनंच लागतं, तसं हे आपल्या वेळेनं जमतं. पंखा लावून त्याला घाई करता येत नाही. बहुतेक रेझिन २४ तासांत हातात धरण्याइतकं कडक होतं, ७२ तासांत बऱ्यापैकी पक्कं होतं आणि पूर्ण ताकद यायला सात दिवस लागतात. पहिल्या दिवशी वरून कडक लागलं तरी आतून ते मऊच असतं. त्यावर काही टेकलं की त्याचा ठसा उमटतो.

गोव्यातल्या वर्गात एका कुटुंबानं फार सुंदर बोर्ड केला होता, निळ्याचा उतार असा की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तो नेला, बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळून बॅगेत घातला. घरी उघडला तर सगळ्या समुद्रावर बबल रॅपचे गोल गोल डाग. ते पुसून जात नाहीत. पुन्हा पातळ थर ओतावा लागतो. म्हणून चार दिवस हातात असतील असा क्लास घ्या. पहिल्या दिवशी केलेला बोर्ड पाचव्या दिवशी प्रवासाला तयार असतो.

पहिल्या दिवशी करण्यात आणखी एक फायदा आहे, आणि मला तर तोच मोठा वाटतो. लाटांच्या कामात खरी खोली एका थरात येत नाही. खाली वाळू आणि गडद पाण्याचा थर, त्यावर दुसऱ्या दिवशी पारदर्शक थर आणि त्यात फेसाची दुसरी लाट असं केलं, की वरच्या फेसाची सावली खालच्या पाण्यावर पडते. त्या सावलीमुळेच पाणी खरं वाटतं. तीन तासांच्या वर्गात एकच थर होतो. पण तुम्ही गावातच असाल, तर दुसऱ्या दिवशी तासभर येऊन दुसरा थर ओतू द्याल का, असं शिकवणाऱ्यांना विचारता येतं. थोडे जास्त पैसे घेऊन बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, कारण असं विचारणारं कोणी सहसा येतच नाही. पहिला थर जेमतेम घट्ट होऊन थोडा चिकट असताना दुसरा ओतला, तर दोन्ही थर एकमेकांना धरतात. पूर्ण कडक झाल्यावर ओतायचा असेल, तर आधी २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं पृष्ठभाग घासून, धूळ पुसून घ्यावी लागते.

आता हवा. आपल्या नागपुरात कोरडा उन्हाळा माहीत असतो, समुद्राकाठचा ओलावा नसतो. हार्डनरमध्ये अमाइन नावाची रसायनं असतात. हवेत ओलावा फार असला की ती पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतात, आणि जमलेल्या रेझिनवर मेणचट, पांढुरकी साय धरते. कामात आम्ही तिला ब्लश म्हणतो. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की हा त्रास सुरू होतो, आणि गोव्यात नोव्हेंबरमध्येही सकाळ-संध्याकाळ तेवढी असतेच. बोर्ड हातात आल्यावर वर असा तेलकट धूसर थर दिसला तर घाबरू नका. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज यांनी तो निघतो. स्पिरिटनं निघत नाही, उलट फासला जातो. तो न धुता वर दुसरा थर ओतला, तर काही महिन्यांनी तो थर सालासारखा सुटतो.

म्हणून क्लास कुठे भरतो ते विचारा. माडाखालची झोपडी, समोर समुद्र, वाऱ्यावर उडणारे पडदे, असा फोटो बघून मन हरखतं. माणसाला ते छान असतं, रेझिनला नाही. ओल्या रेझिनवर वाऱ्याबरोबर वाळू येते, चिलटं येऊन बसतात आणि तिथेच अडकतात. मला विचाराल तर एसी असलेली, पण खिडक्या उघडता येतील किंवा एक्झॉस्ट पंखा असेल अशी खोली बरी. एसीनं हवेतला ओलावा कमी होतो आणि एक्झॉस्टनं वास बाहेर जातो. काम झाल्यावर बोर्डवर खोका किंवा टब उलटा झाकून ठेवतात का, तेही बघा. जो शिकवणारा बोर्ड उघडाच ठेवून जातो, त्यानं रेझिनची फारशी काळजी केलेली नाही असं मी धरते.

समुद्राकाठच्या सुट्टीत आणखी एक अडचण येते, आणि ती कोणी सांगत नाही. क्लासला येताना सनस्क्रीन लावून येऊ नका. निदान हातांना आणि पंज्यांना तर नकोच. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये सिलिकोन असतं. त्याचा एक बोटाचा ठसा बोर्डवर पडला, तर तिथून रेझिन मागे सरतं आणि मधोमध खळगा राहतो. माशाच्या डोळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला फिशआय म्हणतात. खोबरेल तेलानंही तेच होतं, केसांच्या सीरमनंही तेच. क्लासला सकाळी, समुद्रावर जाण्याआधी जा. साबणानं हात धुवा, केस बांधा आणि मगच बोर्डला हात लावा.

मुलांचा प्रश्न मी फार गंभीरपणे घेते. आठ वर्षांच्या मुलाला ओल्या रेझिनजवळ बसवू नका. न जमलेलं इपॉक्सी त्वचेवर वारंवार लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की जन्मभर राहते. मग रेझिनच्या खोलीत नुसतं गेलं तरी डोळे सुजतात, मनगटांना खाज सुटते. ती पहिल्या दिवशी होईलच असं नाही, पाचव्या वर्षीही होते. माझ्या ओळखीच्या एका फार गुणी कारागीर बाई चार वर्षं हातमोज्यांशिवाय काम करत होत्या. आज त्यांना हे काम कायमचं सोडावं लागलंय. त्यांचे हात आठवले की मी कोणालाही मोज्यांशिवाय कपाला हात लावू देत नाही. मोजे नायट्राइलचे हवेत. पातळ प्लास्टिकचे, पार्लरमध्ये मिळतात तसले, कामाचे नाहीत. लॅटेक्सचेही नकोत.

मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला नेता येईल, पण तीन अटींवर. मोजे आणि लांब बाह्यांचा जुना शर्ट हवा, दोन द्रव मिसळण्याचं काम तुम्ही करायचं, आणि हवा खेळती नसेल तर तिथून उठून यायचं. रंग निवडणं, ओतणं, ड्रायरनं लाट ढकलणं हे तिला करू द्या, मजा त्यातच आहे. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा क्लास करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धुळीचा मास्क या वासाला अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं म्हणून मोजे काढू नका. पूर्ण जमलेल्या रेझिनला लावलेलं ते विशेषण ओल्या द्रवाला लागू होत नाही.

चुकून हाताला लागलंच तर थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा सॅनिटायझर लावू नका. त्यानं रेझिन पातळ होऊन त्वचेत आणखी मुरतं. आधी कोरड्या टिश्यूनं टिपा, मग साबण आणि पाणी. धाकट्यासाठी म्हणाल तर क्लासच्या आधी बोर्डवर वाळूचा आणि पाण्याचा रंग अ‍ॅक्रिलिकनं मारायचा असतो. तो त्याला मारू द्या. मग बाबांसोबत पाठवा किनाऱ्यावर. घरी आल्यावर बोर्डवरची वाळू त्याची असेल.

आता लाट कशी करतात ते सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर कुठे लक्ष द्यायचं ते कळेल. बारा इंची गोल बोर्डवर रेझिन आपोआप पसरून साधारण ३ मिलिमीटरचा थर धरतं. त्याला २२० मिलिलिटरच्या आसपास द्रव लागतो. क्लासमध्ये शंभर-दीडशे मिलिलिटरच देत असतील, तर बोर्ड पुरता झाकणार नाही किंवा कडांना उघडा पडेल. हे आधी विचारून घ्यायला लाजू नका.

मिसळणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचाही. निदान तीन मिनिटं, हळूहळू, कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळायचं. जोरात फेटलं की हवेचे बुडबुडे भरतात. मग ते सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळायचं, कारण पहिल्या कपाच्या तळाशी न मिसळलेला हार्डनर चिकटून राहतो. बोर्डवर दोन-चार ठिकाणी कायम चिकट राहणारे ठिपके दिसतात ना, ते तिथूनच येतात. शिकवणारे स्वतःच मिसळून कप हातात देणार असतील तर त्यांना सांगा, आम्हाला मिसळायला शिकवा. लाट मारणं मोबाइलवर बघूनही कळतं, पण नीट मिसळलेलं रेझिन डोळ्यांना कसं दिसतं, त्यातले पाण्यात साखर विरघळताना दिसतात तसले तंतू कधी नाहीसे होतात, हे समोर बसूनच कळतं.

रंग कमीच घाला, एकूण वजनाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग जास्त झाले तर रेझिन नीट जमत नाही. बोर्डच्या वरच्या बाजूला गडद निळा, मग मोरपंखी, मग फिकट हिरवट, आणि वाळूला लागून बोटभर जागा बिनरंगाच्या रेझिनची. त्या बिनरंगी पट्टीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओतायची आणि ड्रायरच्या झोतानं ती पाण्याकडे ढकलायची, मग हळूच परत वाळूकडे आणायची. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड असतं. झोत लागला की ते बिनरंगी रेझिनमध्ये उतरत, फाटत जातं आणि मधे मधे भोकं पडतात. ती भोकं म्हणजेच फेसाची जाळी.

सगळी गोम वेळेत आहे. रेझिन फार पातळ असताना पांढरा ढकलला तर तो दुधासारखा पसरतो आणि निळं पाणी गढूळ होतं. फार उशीर झाला तर तो जागचा हलत नाही. २५ अंशांच्या आसपास मिसळल्यापासून साधारण पंधरा-वीस मिनिटांनी मधासारखा दाटपणा येतो, तेव्हा लाट घ्यावी. पण तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. गोव्यातल्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत, शिकवणारा गप्पा मारत बसला तर ती वेळ निघून जाते. काडीनं थोडं उचलून बघा. धार तुटायच्या आधी थोडी ताणली जाऊ लागली की सुरू करा. हीट गन दिली तर निदान वीतभर लांब धरा आणि एका जागी थांबू नका. जवळून धरली की रेझिन सुरकुततं, पिवळं पडतं.

सुट्टीत ज्यांच्या हाताशी दोनच दिवस असतील, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, यूव्ही रेझिन. ते दोन द्रवांचं नसतं. यूव्ही दिव्याखाली किंवा उन्हात काही मिनिटांत घट्ट होतं. पेंडंट, कानातले, किचेन यासाठी ते चांगलं. थर दोन-तीन मिलिमीटरचाच घ्यावा लागतो, आणि गडद, अपारदर्शक रंग घातला तर उजेड आत पोचत नाही आणि तळ ओला राहतो. मोजे यालाही हवेतच. आणि क्लासमध्ये शिरताच फायबरच्या होड्या बनवतात तिथे येतो तसला उग्र वास आला, शिकवणारे थेंब मोजून कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन जमवणारं रसायन, घालत असले, तर ते इपॉक्सी नाही, पॉलिएस्टर रेझिन आहे. ते कारखान्याच्या मोकळ्या शेडमधलं काम आहे. मुलं घेऊन तिथे बसू नका.

शिंपल्यांचं. किनाऱ्यावर पडलेले साधे रिकामे शिंपले घालता येतात, पण आधी बघा आत कोणी राहत तर नाही ना. शंखात शिरून बसलेले खेकडे गोव्यात सगळीकडे असतात. प्रवाळाचा तुकडा मात्र हातात घेऊ नका, पडलेला मिळाला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा, तसेच समुद्रघोडे यांना २००१ पासून संरक्षण आहे. नॉटिलस, हॉर्न्ड हेल्मेट, ट्रायटन्स ट्रम्पेट असे काही मोठे शंखही त्या यादीत आहेत. क्लासमध्ये ‘खरं कोरल’ म्हणून काही देऊ केलं तर नको म्हणा. पुढे कधी अंदमानला गेलात तर तिथे शिंपला उचलायचाच नाही, असं मनाशी ठरवूनच जा.

शिंपले गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, घासून, पूर्ण वाळवून मगच वापरायचे. मीठ आणि ओल आत राहिली तर भोवती पांढरी धूसर कडा येते. शंखाच्या पोकळीत हवा असते आणि ती ऐन जमताना बुडबुडा बनून वर येते. म्हणून आधी ब्रशनं रेझिनचा पातळ हात आतून-बाहेरून द्यायचा. वाळूलाही ओल असते. मी ती लोखंडी कढईत रव्यासारखी भाजून, थंड करून घेते. क्लासला तेवढा वेळ नसतो, म्हणून त्यांच्याकडची कोरडी वाळू वापरा.

न्यायचं कसं, ते बघू. पहिल्या दिवशीचा बोर्ड चौथ्या दिवसापर्यंत क्लासमध्येच झाकून राहू द्या, हॉटेलच्या खोलीत हलवू नका. आणताना वर बटर पेपर, त्यावर सपाट पुठ्ठा, खाली पुठ्ठा, आणि मग बाहेरून बबल रॅप. कापडात थेट गुंडाळू नका, साडीच्या विणीचाही ठसा उमटतो. बोर्ड किलोभराच्या आसपास भरेल. तो हातातल्या बॅगेत घ्या. टॅक्सीच्या डिकीत तासन्‌तास पडू देऊ नका, कारण नेहमीचं रेझिन पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं, आणि उन्हातली बंद गाडी तेवढी तापते. ओलं रेझिन आणि हार्डनर विमानात नेऊ नका. बहुतेक हार्डनर त्वचा जाळणाऱ्या रसायनांत मोडतात, आणि दाहक रसायनं केबिन बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्येही नाहीत. बुडबुडे फोडायच्या छोट्या टॉर्चचा गॅसही तसाच. उरलेल्या बाटल्या घरी न्या म्हणून कोणी दिल्या, तर तिथेच ठेवून या. नागपुरात सामान मिळतं.

तिथे एक गोष्ट कराल अशी आशा करते. काम संपल्यावर कप आणि काड्या समुद्रावर किंवा बेसिनमध्ये धुवायला नेत असतील, तर थांबवा. न जमलेलं इपॉक्सी पाण्यातल्या जिवांना घातक असतं. उरलेलं कपातच जमू द्यायचं आणि घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाकायचं.

आता घरचं. नागपुरात हे काम करता येतं, आणि काही महिने तर गोव्याहून चांगलं करता येतं. तुम्ही परत याल तो नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतही छान. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, मी एसी आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, लावल्याशिवाय ओतत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रेझिन काकवीसारखं घट्ट होतं, कधी तळाशी साखर जमल्यासारखे खडे दिसतात. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात उभी करा, खडे विरघळेपर्यंत. पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका.

उन्हाळ्यात मात्र कूलर लावून रेझिन ओतू नका. खोली गार होते, पण कूलर हवेत पाणीच तर सोडत असतो. वाळ्याच्या ताट्यांचा तो गार, सुगंधी झोत थेट ओल्या बोर्डवर आला की ब्लश आलाच. एसी नसेल तर पहाटे काम करा, कूलर बंद ठेवून.

आणि मिसळलेलं रेझिन कपात साठवून ठेवू नका. ही क्रिया स्वतः उष्णता सोडते. पातळ थरात ती निघून जाते, कपात मात्र कोंडते. एका मे महिन्यात माझ्याकडे तीनशे ग्रॅम मिसळलेला कप टेबलावर राहिला आणि मला पलीकडच्या खोलीतून हाक आली. दहा-बारा मिनिटांनी परत आले तर कपातून पांढरा धूर येत होता आणि प्लास्टिक वितळून टेबलाला चिकटलं होतं. खोलीत त्या वेळी कोणी विद्यार्थिनी नव्हती हे माझं नशीब. तेव्हापासून मी एका वेळी शंभर ग्रॅमच मिसळते. उरलं तर ताबडतोब जुन्या ताटात पसरते.

घरी करताना वजनकाटा घ्या, पण बाटलीवरचं प्रमाण मापाचं आहे की वजनाचं ते आधी वाचा. इथे फार जण फसतात. रेझिन जड असतं, हार्डनर हलका. मापानं दोनास एक म्हणजे १०० मिलिलिटर रेझिनला ५० मिलिलिटर हार्डनर. त्याचं वजन साधारण ११५ ग्रॅमला ४८ ग्रॅम भरतं. तेच तुम्ही वजनानं दोनास एक घेतलंत तर हार्डनर साडेनऊ ग्रॅम जास्त जातो, आणि बोर्ड महिनाभरानंही रबरासारखा वाकतो. त्याला इलाज नाही, खरवडून टाकावा लागतो.

तुमच्या गोव्याच्या बोर्डवर फराळ वाढायचा तर वाटी ठेवून वाढा, चकली-शंकरपाळे थेट नकोत. गरम चहाचा कप, पणती, समई यातलं काही त्यावर ठेवू नका, गोल डाग पडेल. भिंतीवर लावलात तर पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. आपल्या उन्हानं दोन-तीन वर्षांत निळा हिरवट आणि पांढरा पिवळट होतो.

परत याल तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात असतील. घरचा पहिला प्रयोग लाटांचा करू नका, संत्र्याच्या चकत्यांचे चार कोस्टर करा. चार मिलिमीटरच्या चकत्या कापून टिश्यूनं दाबा, ओव्हनमध्ये सगळ्यात मंद आचेवर पाच-सहा तास, उलटत उलटत, पार कडक होईपर्यंत वाळवा. चकती मोडल्यावर पापडासारखा आवाज यायला हवा. वाकली तर परत आत. रसाची ओल राहिली तर महिन्याभरात रेझिनच्या आत ती तपकिरी पडते. वाळलेल्या चकतीला ब्रशनं रेझिनचा पातळ हात द्या, दुसऱ्या दिवशी साच्यात ठेवून वरून ओता. साच्यासाठी दहा सेंटिमीटर व्यास आणि आठ मिलिमीटर जाडी धरली तर एका कोस्टरला साठ-पासष्ट मिलिलिटर लागेल. धाकट्याला चकत्या टिश्यूनं दाबायला आणि उलटायला बसवा.